सेरोटोनिन : निरोप एक, कामे अनेक

शरीरातील काही द्रव्यांच्या वाट्याला असा लौकिक येतो की, तो त्यांच्या खऱ्या कामाशी फारसा जुळत नाही. सेरोटोनिन हे त्यांपैकीच एक. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांतून निघाले, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आले आणि तेथून थेट आपल्या माजघरात येऊन बसले. ‘आनंदाचे रसायन’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. ते भरपूर असले की माणूस प्रसन्न आणि आटले की खिन्न, असे एक सोपे गणितही त्याच्याबरोबर सांगितले जाते. केळी खा, उन्हात बसा, सेरोटोनिन वाढेल आणि मन उल्हसित होईल, असा उपदेशही वरचेवर कानी पडतो.

गणित सोपे असले म्हणून ते बरोबर असतेच असे नाही. शिवाय अशा गणितावर विसंबून घरातील एखाद्या माणसाचे औषध सुरू होते किंवा बंद होते, तेव्हा हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. म्हणून या महिन्यात या द्रव्याची थोडी सविस्तर ओळख करून घेऊ.

दोनदा लागलेला शोध

सेरोटोनिन प्रथम सापडले ते मेंदूत नव्हे, तर आतड्यांत. इटलीतील पाव्हिया येथे व्हित्तोरियो एर्स्पामेर हे शास्त्रज्ञ १९३० नंतरच्या दशकात आतड्याच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशींचा अभ्यास करीत होते. त्या पेशींच्या अर्कात स्नायूंना आकुंचित करणारे एक द्रव्य त्यांना आढळले. त्याला त्यांनी ‘एंटेरामीन’ असे नाव दिले. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंड येथे अर्विन पेज हे रक्तदाबावर संशोधन करीत होते. रक्त साकळल्यावर जे पिवळसर पाणी सुटते, ज्याला सीरम म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या आवळणारे कोणते तरी द्रव्य उतरत असे आणि ते त्यांच्या प्रयोगांत सारखा व्यत्यय आणीत असे. हा उपद्रवी पदार्थ एकदाचा ओळखून काढावा म्हणून मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांच्या साहाय्याने त्यांनी तो गुरांच्या रक्तातून वेगळा केला. ते वर्ष होते १९४८. सीरममध्ये सापडलेला आणि रक्तवाहिन्यांचा ताण, म्हणजे ‘टोन’, वाढविणारा म्हणून त्याचे नाव पडले सेरोटोनिन. पुढच्याच वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली, आणि १९५२ मध्ये एर्स्पामेर यांनी दाखवून दिले की, एंटेरामीन आणि सेरोटोनिन ही एकाच द्रव्याची दोन नावे आहेत.

मेंदूत ते आढळले याचे श्रेय बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेकडे जाते. शिंपल्यात राहणाऱ्या एका सागरी प्राण्याच्या स्नायूंवर त्या काम करीत होत्या. आवळून धरलेला स्नायू सैल सोडण्याचा निरोप तेथे सेरोटोनिन पोचविते, असे त्यांना दिसून आले. एवढ्याशा जीवाच्या मज्जातंतूंना जे द्रव्य लागते, ते वरच्या श्रेणीतील प्राण्यांना का लागू नये, असा साधा तर्क करून त्या पेज यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचे त्या दोघांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूतील सेरोटोनिनची कथा तेथून सुरू होते.

‘पाहुणे आले’

घरात ‘पाहुणे आले’ एवढा निरोप गेला की काय होते ते आठवावे. स्वयंपाकघरात चहाचे आधण चढते, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते, एक पोर शेजारी साखर मागावयास धावते आणि दुसरे अभ्यासाचे पुस्तक मिटून टाकते. निरोप एकच; पण तो ज्या ठिकाणी पोचला, त्या ठिकाणचे काम वेगळे. निरोपात चहा नाही, सतरंजी नाही, आणि आनंदही नाही.

सेरोटोनिन हा असाच एक निरोप आहे. तो झेलणाऱ्या रचना पेशींच्या पृष्ठभागावर असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. सेरोटोनिनसाठी अशा ग्राहींचे सात गट आणि एकंदर चौदा प्रकार ठाऊक आहेत. एका प्रकारचा ग्राही पेशीला चेतवितो, तर दुसरा शांत करतो. म्हणून ‘सेरोटोनिन काय करते?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. ‘कोठे?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो.

पोट आणि रक्त

शरीरातील सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्के आतड्यांत असते. मेंदूच्या वाट्याला एक-दोन टक्केच येतात. खाल्लेला घास पुढे सरकला आणि आतड्याच्या भिंतीवर त्याचा दाब पडला की, अस्तरातील पेशी सेरोटोनिन सोडतात. तेथील मज्जातंतू तो निरोप घेतात, घासाच्या मागचा स्नायू आवळला जातो, पुढचा सैल पडतो आणि अन्न पुढे ढकलले जाते. शिळे किंवा विषारी काही पोटात गेले तर हेच द्रव्य अधिक प्रमाणात सुटते, मेंदूकडे वर्दी जाते आणि ओकारी होते. कर्करोगावरील काही औषधांनी होणाऱ्या उलट्यांमागेही हेच कारण असते. हा निरोप एका विशिष्ट ग्राहीपाशी अडविणारे ओंडॅन्सेट्रॉन हे औषध १९९० च्या सुमारास वापरात आले. मुलांच्या उलट्या थांबत नसल्या तर डॉक्टर अनेकदा हेच लिहून देतात. तेव्हा सेरोटोनिनवरील औषध आपल्या घरात येऊन गेले आहे, याची अनेकांना कल्पनाही नसते.

आतड्यात तयार झालेले काही सेरोटोनिन रक्तातील बिंबाणू, म्हणजे ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो त्या कणिका, उचलून साठवून ठेवतात. विळीवर बोट कापले की बिंबाणू तेथे गोळा होतात आणि आपला साठा मोकळा करतात. रक्तवाहिनी आवळली जाते आणि गुठळी बनण्यास मदत होते. पेज यांच्या प्रयोगांत व्यत्यय आणणारे द्रव्य ते हेच.

आतड्यात किंवा फुप्फुसात होणाऱ्या एका विरळ प्रकारच्या गाठीतून सेरोटोनिन प्रचंड प्रमाणात रक्तात मिसळत राहते. सेरोटोनिन म्हणजेच सुख असते, तर असे रुग्ण जगातील सर्वांत सुखी ठरले असते. प्रत्यक्षात त्यांना अनावर जुलाब होतात, चेहरा लालबुंद होतो आणि काहींच्या हृदयाच्या झडपाही बिघडतात.

मेंदूतील शिवण

पोटातील आणि रक्तातील सेरोटोनिनला मेंदूत प्रवेश नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक पहारा बसविला आहे आणि सेरोटोनिनला तो ओलांडता येत नाही. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे. पण ते खाऊन मेंदूतील सेरोटोनिन वाढत नाही, याचे कारण हेच. मेंदूला आपले सेरोटोनिन आपल्या घरीच बनवावे लागते. त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. ते अन्नातूनच मिळावे लागते. दूध, डाळी, शेंगदाणे, तीळ, अंडी, मासे यांत ते असते. मात्र पहाऱ्याच्या दारातून आत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी रेटारेटी करावी लागते. म्हणून एखादा पदार्थ अधिक खाल्ला की त्या प्रमाणात मेंदूतील सेरोटोनिन वाढले, असे होत नाही. दोन्ही वेळचे नीट जेवण हाच त्यावरचा शहाणपणाचा मार्ग.

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी सेरोटोनिन बनविणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख. मेंदूच्या बुडाशी, बरोबर मध्यरेषेवर, कपड्याच्या शिवणीसारख्या त्या ओळीने बसलेल्या असतात. त्यांच्या समूहाला असलेल्या ‘राफे’ या ग्रीक नावाचा अर्थही शिवण असाच आहे. संख्येने थोड्या असल्या तरी त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोचतात. झोप आणि जाग, भूक, शरीराचे तापमान, वेदनेची तीव्रता, रागावर लगाम, वाट पाहण्याचा धीर आणि मनाची स्थिती या साऱ्यांवर त्यांचा हात फिरतो. अंधार पडला की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी सेरोटोनिनपासूनच मेलाटोनिन बनविते आणि रात्र झाल्याची वर्दी शरीराला देते. या साऱ्यात सेरोटोनिनचे काम बहुधा हुकूम सोडण्याचे नसून, वाद्याच्या तारा कमी-अधिक ताणाव्यात तसे इतर यंत्रणांना जुळवून घेण्याचे असते.

सर्पगंधा आणि एक सिद्धान्त

मग खिन्नतेचा आणि सेरोटोनिनचा संबंध जोडला गेला कसा? या कथेचा एक धागा आपल्या देशातून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून औषधात आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पिनने रक्तदाब उतरत असे. परंतु ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशाही नोंदी येऊ लागल्या. रेसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते होतात, असे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसून आले.

दुसरा धागा क्षयरोगाच्या रुग्णालयातला. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात १९५२ मध्ये इप्रोनियाझिड हे नवे औषध क्षयरोग्यांना देण्यात आले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे आश्चर्य वाटावे इतकी उत्साही झाली. सेरोटोनिन आणि त्यासारख्या द्रव्यांचे विघटन हे औषध रोखते, असे आढळले. एका औषधाने साठा रिता झाला की माणूस खिन्न, दुसऱ्याने तो टिकला की प्रसन्न! त्या पिढीतील शास्त्रज्ञांनी या दोहोंवरून अनुमान बांधले यात नवल नाही. सेरोटोनिनची कमतरता म्हणजे नैराश्य, हा विचार १९६० नंतरच्या दशकात मूळ धरू लागला. अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस फ्लुऑक्सेटिन या औषधाला मान्यता मिळाल्यावर जाहिरातींनी तो घरोघर पोचविला.

परंतु निसर्ग अनुमानांना बांधलेला नसतो. रेसर्पिनमुळे होणाऱ्या उदासीच्या नोंदींविषयीच पुढे शंका घेतल्या गेल्या. ट्रिप्टोफॅन नसलेला आहार देऊन निरोगी माणसांचे सेरोटोनिन तात्पुरते उतरविले, तर त्यांचे मन सहसा खिन्न होत नाही, असेही दिसले. शिवाय फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे चेतापेशींच्या फटीतील सेरोटोनिन काही तासांतच वाढवितात. मन मात्र सावरते ते तीन-चार आठवड्यांनी. केवळ कमतरता भरून निघण्याचा प्रश्न असता, तर इतका उशीर का लागावा? अखेर लंडनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते असे म्हणावयास सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष मांडला. जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचे मथळे झाले.

मग गोळ्या खोट्या का?

गुजरातेत तीन पिढ्यांपासून स्थायिक झालेल्या कुटुंबातील एका वाचक भगिनीने नेमका हाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या सासूबाई काही वर्षे नैराश्यावरील गोळ्या घेत होत्या आणि त्यांना बरे वाटत होते. घरातील कोणी तरी अशा मथळ्याचे कात्रण पुढे ठेवले. ‘हे सारे थोतांड निघाले’ असे म्हणून गोळ्या एका दिवसात बंद झाल्या. आठवड्याभरात चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू झाली, झोप उडाली आणि घरात दोन तट पडले.

या भगिनींना, आणि अशा प्रत्येक घराला, स्पष्ट सांगावयास हवे की, ‘सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते’ हे विधान सिद्ध झालेले नाही, आणि ‘या गोळ्यांचा उपयोग होतो’ हे विधान त्याहून वेगळे आहे. एक पडल्याने दुसरे पडत नाही. ज्येष्ठमध चघळल्याने खोकल्याला आराम पडतो, म्हणून खोकला ज्येष्ठमधाच्या अभावाने झाला असे कोणी म्हणत नाही. आणि तसा तो झालेला नाही म्हणून ज्येष्ठमध निरुपयोगी, असेही कोणी म्हणत नाही. नैराश्यावरील २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोट्या गोळीच्या तुलनेत ही सर्व औषधे सरस ठरली. सरसपणा सरासरीने बेताचाच होता, हेही तितकेच खरे. म्हणजे ही औषधे जादू नव्हेत आणि फसवणूकही नव्हेत. काहींना त्यांनी फार मोठा आधार मिळतो, काहींना थोडा, काहींना मिळत नाही. सेरोटोनिन वाढल्यानंतरच्या आठवड्यांत चेतापेशी हळूहळू स्वतःत जे बदल करतात, त्यांत या गुणाचे रहस्य असावे, असे आज अनेक संशोधक मानतात.

सासूबाईंना झालेला त्रास हा सरावलेल्या शरीराचा आधार एकाएकी काढून घेतल्याचा परिणाम असू शकतो. तो पुष्कळदा दिसतो. त्याला व्यसन म्हणू नये. पण त्याकडे दुर्लक्षही करू नये. त्यांना आता विनाविलंब त्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. गोळी थांबवावयाची असली तर ती त्यांच्या सल्ल्याने, मात्रा पायरीपायरीने उतरवीत थांबवावी.

सेरोटोनिन शरीरभर वावरते हे ध्यानात ठेवले की, या औषधांविषयीच्या इतर सूचनाही आपोआप उमगतात. आरंभी मळमळते किंवा पोट बिघडते, कारण सेरोटोनिनचा मोठा कारभार पोटात आहे. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या काही गोळ्या यांच्या जोडीने रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, कारण बिंबाणूंनाही सेरोटोनिन लागते. खोकल्याची काही औषधे, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि नैराश्यावरील गोळ्या एकत्र आल्या तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, बेचैनी अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. रक्तदाबासाठी सर्पगंधेची गोळी किंवा चूर्ण चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ‘ते आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार?’ असे म्हणून लपवू नये.

पोटातले मन, मनातले पोट

आपल्या भाषेची गंमत अशी की, मनाचे दुखणे ती पोटात सांगते. पोटात धस्स होते, पोटात गोळा येतो, पोटात कालवते, घास घशाखाली उतरत नाही. पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंचा सतत संवाद चालतो, हे आज शास्त्र सांगते. बोलणाऱ्यांनी ते अनुभवाने टिपून ठेवले होते. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत यातून एक अडचण उद्भवते. व्यवहारापुरती गुजराती, कन्नड, हिंदी, तेलुगू आपल्या वडीलधाऱ्यांना उत्तम येते. आतले दुःख मात्र मातृभाषेतच बाहेर पडते. ‘पोटात कालवते’ याचे परभाषेत ‘पोट दुखते’ होते आणि आजी आम्लपित्ताची गोळी घेऊन घरी परततात. म्हणून अशा वेळी घरातील कोणी तरी जाणत्याने बरोबर जावे आणि शब्दांच्या मागचा अर्थ डॉक्टरांपर्यंत पोचवावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन कशात रमत नाही, झोप व भूक बिघडली आहे, नेहमीची पूजा, वाचन, नातवंडे यांतही गोडी उरलेली नाही, असे दिसले तर ‘मनाला लावून घेऊ नका’ एवढे सांगून थांबू नये. कोणी ‘जगण्यात आता राम नाही’ असे म्हणू लागले, तर रागावू नये, थट्टेवारी नेऊ नये आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. तरुण रुग्णांच्या बाबतीत औषध सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत मदत मिळते. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

नैराश्याच्या मागे एक कारण नसते. आनुवंशिकता, दीर्घ आजार, वियोग, एकाकीपणा, पैशाची ओढाताण असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. म्हणून उपायही एक नसतो. औषध, समुपदेशन, नियमित चालणे, वेळेवर झोप आणि माणसांचा सहवास या साऱ्यांना त्यात स्थान आहे. ‘मेंदूत एक रसायन कमी पडले’ या स्पष्टीकरणाने अनेक घरांना धीर दिला, कारण त्यामुळे दोष आजारी माणसाच्या स्वभावावरून उतरला. ते स्पष्टीकरण अपुरे ठरले म्हणून तो दोष पुन्हा त्याच्या माथी मारू नये. आजार खरा असण्यासाठी त्याचे कारण एका शब्दात सांगता आलेच पाहिजे, असे नाही.